चवदार तळ्याचा दावा

दर १४ एप्रिलला सोसायटी ऑफिसबाहेर टेबल टाकून आम्ही तीन वकील बसतो, हे आपण पाहिलंच आहे. फी नाही. ते का, ते सांगतो.

२० मार्च १९२७ ला बाबासाहेब महाडच्या चवदार तळ्याचं पाणी प्यायले, हे शाळेत सगळेच शिकतो. पुढचा दावा फारसा कुणाला ठाऊक नसतो. त्याच डिसेंबरात विरोधकांनी तळं खासगी असल्याचा दावा लावून कोर्टाचा मनाई हुकूम आणला. सत्याग्रहाला हजारो माणसं जमलेली. तरी बॅरिस्टर आंबेडकरांनी सत्याग्रह पुढे ढकलला. (वकील म्हणून मला हेच जास्त अवघड वाटतं!) हायकोर्टाचा निकाल लागला १७ मार्च १९३७ ला. विरोधकांना जुनी वहिवाट शाबीत करता आली नाही. पण दहा वर्षं गेली!

आमच्या टेबलाशी वॉचमन येतात, घरकामाच्या मावशी येतात. मागे एका मावशींना खोली खाली करायची नोटीस आली होती. १९८७ च्या कायद्याने बाईला, उत्पन्न कितीही असो, सरकारी खर्चाने वकील मिळतो, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. अर्ज तिथेच लिहिला. पुढची तारीख जूनमध्ये आहे.