गृहसंगणक आणि कन्सोल : सातारा-सांगली परिसराच्या संदर्भात एक विचार

घरी व्हिडिओ गेम खेळण्याची साधने प्रथमपासून दोन प्रकारची आहेत. एक, अनेक कामांस उपयोगी पडणारा गृहसंगणक. दुसरे, केवळ खेळासाठीच घडविलेला कन्सोल. यांतील पहिले ज्ञानाचे साधन व दुसरे निव्वळ खेळणे, आणि म्हणून पहिले अधिक समर्थ, असा समज रूढ आहे. यंत्रांची रचना तपासली असता तो टिकत नाही.

केंद्र शासनाने १९८४-८५ साली 'क्लास' प्रकल्पाद्वारे निवडक शाळांना बीबीसी मायक्रो हा संगणक पुरविला. त्यातील प्रोसेसर ६५०२ जातीचा होता. जपानमध्ये १९८३ साली निघालेल्या निन्टेन्डोच्या फॅमिकॉम कन्सोलचा प्रोसेसरही त्याच कुळातील होता. गती पहिल्याची २ मेगाहर्ट्झ, दुसऱ्याची सुमारे १.७९, कार्यस्मृती मात्र अनुक्रमे ३२ व २ किलोबाइट. असे असूनही खेळाच्या बाबतीत फॅमिकॉमच सरस ठरला. पडद्यावरील चित्रे हलविण्याचे काम त्यात एका स्वतंत्र चिपकडे सोपविलेले होते आणि खेळ कार्ट्रिजमध्ये कायमचा कोरलेला असल्याने तो स्मृतीत उतरवून घ्यावा लागत नसे. उलट, झेडएक्स स्पेक्ट्रमसारख्या गृहसंगणकावर खेळ कॅसेटवरून भरण्यास काही मिनिटे लागत, आणि मध्येच वीज गेली की सारा खटाटोप पुन्हा आरंभापासून करावा लागे. विजेचा भरवसा नसलेल्या प्रदेशात हा फरक लहान नव्हे.

तेव्हा खरा भेद सामर्थ्याचा नसून अधिकाराचा आहे. गृहसंगणक सुरू करताच बेसिक भाषेची ओळ लिहिण्यास जागा मिळे; वापरणाऱ्यास स्वतःचा खेळ रचता येई. कन्सोलवर दुसऱ्याने रचलेला खेळच तेवढा खेळता येई.

सातारा-सांगली परिसरात हा भेद कसा अवतरला, हे पाहण्याजोगे आहे. रयत शिक्षण संस्थेची स्थापना १९१९ साली कराडजवळील काले येथे झाली; सांगलीत १९४७ साली अभियांत्रिकी महाविद्यालय निघाले. शिक्षणासाठी पोटाला चिमटा घेण्याची रीत येथे जुनी आहे. अशा घरांत खेळावरील खर्चास अभ्यासाचे निमित्त लागावे, हे स्वाभाविकच होय. पुण्याच्या डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने १९८० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धात स्पेक्ट्रमची भारतीय आवृत्ती विकली. परंतु गृहसंगणकाची ती बाजारपेठ अल्पजीवी ठरली. १९९० नंतर देशभरच्या लहान शहरांत पसरल्या त्या फॅमिकॉमच्या स्वस्त, अनधिकृत प्रती. त्यांपैकी काहींना कळफलक जोडलेला असे व सोबत टंकलेखनाचे किंवा बेसिकचे कार्ट्रिज मिळे. बाह्यतः हा संगणक, अंतर्यामी कन्सोलच. अनेक प्रतींत लिहिलेला प्रोग्रॅम साठविण्याची सोयच नव्हती. यंत्र बंद केले की लिहिलेले पुसले जाई. पालकांस अभ्यासाचे समाधान लाभले, मुलांस खेळ लाभला. लेखनाचा अधिकार मात्र नावापुरताच राहिला.

पुढे संगणक या भागातील बहुसंख्य कुटुंबांस भेटला तो घरात नव्हे, तर सायबर कॅफेत व शिकवणी-वर्गात. २००१ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र ज्ञान महामंडळाच्या एमएस-सीआयटी अभ्यासक्रमाने ही ओळख गावोगावी नेली. पण तेथे भर तयार प्रोग्रॅम वापरण्यावर होता, रचण्यावर नव्हे. म्हणजे सर्वोपयोगी यंत्र हाती येऊनही ते एका अर्थी कन्सोलप्रमाणेच वापरले गेले.

यावरून संशोधनाची एक दिशा सूचित होते. कोणत्या घरात कोणते यंत्र होते, एवढ्या नोंदीवरून संगणक-साक्षरतेचा इतिहास सिद्ध होणार नाही. त्या यंत्रावर काही लिहिता येत होते काय, आणि लिहिलेले टिकत होते काय, हे प्रश्न विचारावे लागतील. त्यांची उत्तरे देणारी साधने — कॅसेटी, कार्ट्रिजे, दुकानांच्या पावत्या, वह्यांत उतरवून घेतलेले प्रोग्रॅम — अभिलेखागारांत सहसा जमा होत नाहीत. ती माळ्यावर पडून राहतात. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेच्या महापुराने सांगलीतील असंख्य घरे व दुकाने पाण्याखाली घातली. जे उरले असेल, त्याची नोंद ही यंत्रे वापरणारी पिढी हयात आहे तोवर होणे अगत्याचे आहे.