उंड्याचं गोत्र

निपाणीजवळच्या बोरगावात एका स्नेह्यांकडे जेवायला बसलो होतो. ताटात ज्वारीची भाकरी, चिरलेला कांदा आणि तांबड्या रश्शात लिंबाएवढे गोळे. गोव्याच्या सवयीने तोंडून निघून गेलं, "वा, आल्मोंदेगाश!" वहिनी हसल्या. "हे कसलं नाव काढलं भाऊजी? उंडे हे, खिम्याचे उंडे."

जेवण झालं, पण ती नावं काही डोक्यातून जाईनात. मराठीत कणकेच्या गोळ्याला उंडा म्हणतात, कानडीत गोळ्याला आणि लाडवालाही उंडे. 'कोफ्ता' आला फारसीतल्या 'कोफ्तन'वरून, म्हणजे कुटणं. तुर्कांनी त्याचं 'कोफ्ते' केलं. आमचा पोर्तुगीज शब्द अरबी 'अल्-बुंदुक'वरून आला. बुंदुक म्हणजे गोल कवचाचं एक फळ, मग कुठलीही गोळी. आपली बंदूकही त्याच घराण्यातली!

आता विजापूरच्या आदिलशाहीचा संस्थापक यूसुफ हा उस्मानी सुलतानाचा मुलगा, असं फेरिश्ता लिहून गेला. सगळे इतिहासकार ते मानत नाहीत. बेळगाव आणि गोवा, दोन्ही त्या राज्यात होते; 1510 साली गोवा पोर्तुगिजांनी घेतला. तेव्हा उंडे तुर्कांनी आणले, असं म्हणून टाकायचा मोह होतो. पण थांबा. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकातल्या 'मानसोल्लासा'त मांस कुटून, मसाला लावून वांग्यात भरायची कृती आहे. म्हणजे मांस कुटणं आपल्याला कुणी बाहेरून येऊन शिकवायला नको होतं.

वहिनींनी कृती सांगितली ती अशी. बिनहाडाच्या मटणाचा खिमा पाण्याचा अंश न ठेवता पाट्यावर पुन्हा वाटायचा. त्यात आलं, लसूण, कोथिंबीर, भाजलेलं सुकं खोबरं, खसखस, कांदालसणाची चटणी आणि मीठ. मग डाळ्याचं पीठ घालून मळायचं. हाताला तेल लावून उंडे वळायचे, भेग राहू द्यायची नाही. रस्सा खळखळून उकळत असताना एकेक सोडायचा. "डाव घालायचा न्हाई," त्या म्हणाल्या, "पातेलं हलवायचं." उंडे घट्ट झाले की मंद आचेवर वीसेक मिनिटं.

मला त्या डाळ्यापाशी उत्तर सापडलं. तुर्कस्तानात कुठे कोफ्त्यात पावाचा चुरा घालतात, कुठे गव्हाचा रवा, कुठे तांदूळ. बुर्सा प्रांतातल्या इनेगोल गावचे प्रसिद्ध कोफ्ते तर मांस, कांदा, मीठ आणि चिमूटभर सोड्यावरच उभे असतात. गोव्यात आम्ही भिजवलेला पाव कुस्करून घालतो. खिमा सगळीकडे सारखाच, पण तो फुटू नये म्हणून त्या त्या घरात जे हाताशी असेल ते घालतात. शब्दाचं गोत्र शोधता येतं. पदार्थाचं मात्र ज्याच्या त्याच्या डब्यात असतं.

1 नोव्हेंबर 1956 ला हा भाग म्हैसूर राज्यात गेला, आणि मराठी-कानडीचा वाद अजून संपलेला नाही. त्या घरातल्या सासूबाई माहेरच्या कानडी. सुनेशी मोडकं मराठी बोलतात, आणि सूनही त्यांच्याशी मोडकं कानडी. निघताना त्यांनी डबा हातात ठेवला आणि एवढंच म्हणाल्या, "उंडे."

भाषांतराची गरज कुणालाच पडली नाही.