बिडाचा स्वभाव

आमच्या नाशकात नोटा छापतात. नाशिकरोडला १९२५ साली सरकारी छापखाना निघाला आणि १९२८ पासून तिथे चलनी नोटांचा कारखानाही सुरू झाला. त्यामुळे बाहेरगावच्या पाहुण्यांची अशी गोड समजूत असते की नाशिककराला, त्यातून बँकेतल्या नाशिककराला, पैशाची काय ददात! वीस वर्षं काउंटरमागे बसून मी एवढंच सांगू शकतो की नोटा मोजणं आणि नोटा असणं ही दोन निराळी खाती आहेत आणि एकातून दुसऱ्यात ट्रान्सफर होत नाही. म्हणूनच वडिलांच्या प्रीमिअर पद्मिनीचा एक्झॉस्ट मॅनिफोल्ड तडकला तेव्हा ‘दुसरा घेऊन टाक’ असं सहज म्हणणारे सगळे पाहुणेच होते.

मॅनिफोल्ड म्हणजे इंजिनाच्या चारी सिलिंडरांतला जळका धूर गोळा करून एका नळीत सोडणारा बिडाचा नळ. एकत्र कुटुंबात चार दिरांच्या तक्रारी एकटीने पोटात घालणाऱ्या थोरल्या वहिनीसारखं त्याचं काम. सहाशे-सातशे अंशांचा धूर रोज पोटात घ्यायचा, वरून गप्प राहायचं आणि एक दिवस तडकायचं.

बीड म्हणजे जिल्हा नव्हे, ओतीव लोखंड. पोलादात कार्बन दोन टक्क्यांच्या आत असतो, बिडात साधारण तीन-साडेतीन. त्यामुळे बीड स्वस्त, ओतायला सोपं आणि उष्णता सोसणारं. पण वाकणं त्याला ठाऊक नाही. आमच्या घरी आजीच्या वेळचा बिडाचा तवा होता. धिरड्यांची तीन पिढ्यांची सेवा करून तो एका नव्या सुनेच्या हातून गेला. तिने तो तापलेला असताना नळाखाली धरला. पावसाळ्यात द्वारका चौकातल्या तळ्यातून गाडी काढताना मॅनिफोल्डचंही नेमकं तेच होतं.

तडा आधी बोलतो. सकाळी गाडी सुरू केली की टक् टक् टक्. आणि सातपूरपर्यंत इंजिन तापलं की बीड फुगून तडा मिटतो आणि आवाज बंद! दुखणं दवाखान्याच्या पायरीवर थांबतं, तशातला प्रकार. आवाजाचं एकवेळ सोसलं असतं. पण आई त्र्यंबकेश्वरला पोचेपर्यंत डोकं धरून बसू लागली. ती म्हणे पित्त. सौ. म्हणे माझं ड्रायव्हिंग. द्वारकेजवळच्या आमच्या मिस्त्रींनी बॉनेट उघडून तड्याभोवतीची काजळी बोटाने पुसली आणि म्हणाले, “साहेब, पित्त नाय, धूर आहे. काच उघडी ठेवा, नाहीतर म्हातारीला बशीने पाठवा.” त्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला ना वास ना रंग, आणि बंद गाडीत तो माणसाला झोपेतच संपवू शकतो. त्या क्षणापासून प्रश्न आवाजाचा राहिला नाही.

आता बीड सांधता येतं का? तांबट आळीतला कारागीर पितळेचा डाख सुरेख देईल. पण पितळ नऊशे अंशांच्या आसपास वितळत असलं तरी त्याच्या कितीतरी आधी ढिलं पडतं. हंड्याला चालतो तो डाख मॅनिफोल्डला चालत नाही. बाकी ‘बीड सांधत नाही’ हा समज जर्मनांचाही होता. १९१७ साली अमेरिका युद्धात उतरली तेव्हा तिथल्या बंदरांत अडकलेल्या जर्मन जहाजांच्या खलाशांनी आपल्या इंजिनांचे बिडाचे सिलिंडर फोडून ठेवले होते. नवे ओतून बसवायचे तर वर्षाच्यावर वेळ जाणार, तोवर युद्धच संपेल, असा हिशेब. अमेरिकेच्या नौदलाने फुटके सिलिंडर जागच्या जागी विजेच्या वेल्डिंगने सांधले आणि काही महिन्यांत तीच जहाजं त्यांच्याच विरुद्ध सैनिक भरून निघाली. जगाच्या इतिहासात मिस्त्रीने सेनापतीला हरवल्याचा एवढा स्वच्छ दाखला दुसरा नसावा.

आमच्या गाडीचा इतिहास एवढा रोमांचक नाही. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९३३ साली आमच्या जिल्ह्यात रावळगावला साखर कारखाना काढला (त्यांच्या टॉफ्यांनी माझे दात गेले) आणि १९४४ साली प्रीमिअर ऑटोमोबाइल्स. तिथे कुर्ल्याला फियाट अकराशे बनू लागली. तीच पुढे पद्मिनी झाली, म्हणजे नाव बदललं; आतलं इंजिन बव्हंशी तेच. परमिट राजला आज सगळे नावं ठेवतात, गाडीसाठी वर्षानुवर्षं नंबर लावावा लागे म्हणून. पण माझ्यासारख्याने त्याचे आभारही मानले पाहिजेत. गाडी बदलतच नव्हती, म्हणून दुसऱ्याच्या मोडीतला भाग आपल्या गाडीला बसे. मुंबईत तर टॅक्स्याच पद्मिनी! पण शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ ला नोंदली गेली आणि वीस वर्षांची मुदत भरून २०२३ मध्ये तीही गेली. आता मोडीतल्या जुन्या मॅनिफोल्डला साडेचार हजार सांगतात, तेसुद्धा तो आतून धड आहे की नाही याची हमी न देता.

मिस्त्रींनी अठराशे सांगितले. मी पंधराशे म्हटलं. ते हसले आणि अठराशेच म्हणाले.

काम मात्र पाहण्यासारखं. तडा पुढे पळू नये म्हणून आधी दोन्ही टोकांना बारीक भोकं पाडली. मग तड्याला खाच घेतली, सगळा नळ भट्टीत तापवला आणि गॅसवर बिडाचीच कांडी वितळवून खाच भरली. एवढ्यावर मी गाडी मागितली. त्यांनी तो लालभडक तुकडा राखेच्या डब्यात पुरला.

“उद्या या.”

“उद्या कशाला? झालं ना?”

“साहेब, तुमच्या बँकेत चेक टाकला की लगेच पैसे देता काय? हे बीड आहे. घाईने गार केलं की दुसरीकडे तडकतं.”

दुसऱ्या दिवशी नळाचं तोंड घासून सपाट केलं, कारण वेल्डिंगने ते वाकडं होतं आणि मग नव्या गॅस्केटमधूनही धूर निघतो. नट मधून बाहेर अशा क्रमाने आवळले. काढताना दोन स्टड तुटले होते, त्यांचे वेगळे चारशे. बिलाच्या शेवटच्या ओळीत ‘राख : २० रुपये’ असं होतं. मी नोकरीत नाना तऱ्हेची व्हाउचरं पास केली आहेत. राखेचं हे पहिलंच, आणि तेवढं एक मी घासाघीस न करता पास केलं.

गेल्या सोमवारी आई पुन्हा त्र्यंबकेश्वरला आली. काचा बंद होत्या, बाहेर पाऊस. जाता-येता ती एकसारखी माझ्या ड्रायव्हिंगबद्दल बोलत होती.