धुराची वही

लालबागच्या आमच्या चाळीत आजी कपडे वाळत घालण्याआधी गॅलरीत येऊन वारा बघत असे. वारा गिरणीच्या बाजूने असला की पांढरे कपडे आतल्या दोरीवर आणि रंगीत बाहेर. तरी कधी अंदाज चुके आणि आजोबांच्या धोतरावर काजळीचे ठिपके पडत. मग धोतर पुन्हा मोरीत. शहराच्या धुराचे तिच्यापुरते मोजमाप एवढेच होते : धोतर एकदा धुवावे लागले की दोनदा.

मार्च २०२२मध्ये बृहन्मुंबई महानगरपालिकेने ‘मुंबई वातावरण कृती आराखडा’ प्रसिद्ध केला. त्यात २०१९ सालासाठी एक आकडा आहे. त्या वर्षी मुंबईच्या नावावर २ कोटी ३४ लाख टन कार्बन डायऑक्साइडएवढे हरितगृह वायू पडले. माणशी साधारण १.८ टन. त्यातला ७२ टक्के वाटा इमारती आणि कारखान्यांत वापरल्या जाणाऱ्या ऊर्जेचा, म्हणजे मुख्यतः विजेचा. वाहतुकीचा २० टक्के, कचऱ्याचा ८. मी तो आराखडा वाचला तेव्हा पहिला प्रश्न पडला तो भाबडाच होता. गिरण्या गेल्या, आगगाड्यांची वाफेची इंजिने गेली, चुली आणि शेगड्या गेल्या. मग एवढा धूर आहे कुठे? या लेखाचे निमित्त तो प्रश्न.

धूर मोजण्याचा सरकारी उद्योग मुंबईला नवा नाही. १९१२ साली मुंबई इलाख्यात धुराच्या उपद्रवाविरुद्ध कायदा झाला. त्याच्या सात वर्षे आधी कलकत्त्यासाठी तसाच कायदा आला होता. धुरासाठी आयोग आणि निरीक्षक नेमले गेले. त्या काळी धूर मोजायचे साधन म्हणजे फ्रेंच प्राध्यापक रिंगलमन यांचा तक्ता. पांढऱ्या कागदावर काळ्या रेघांच्या जाळ्या, एकीपेक्षा दुसरी दाट. तक्ता दूर धरायचा, चिमणीच्या तोंडाकडे बघायचे आणि धूर कोणत्या जाळीइतका काळा आहे ते लिहायचे. पद्धत आजीच्या पद्धतीपेक्षा फार पुढे गेलेली नव्हती. डोळ्याला दिसतो तो धूर, आणि काळा दिसतो तो गुन्हा. कोळसा नीट जळून धूर फिका झाला की मालक सुटला. खरे तर कोळसा जितका पूर्ण जळेल तितका त्यातला कार्बन डायऑक्साइड होऊन हवेत जातो, पण तो वायू रंगहीन. त्याला कोणत्याच जाळीत जागा नव्हती.

मुंबईचा धूर खऱ्या अर्थाने हलवला तो पाण्याने. लोणावळ्याच्या परिसरात धरणे बांधायची, पाणी घाटाखाली खोपोलीला सोडायचे आणि तिथे होणारी वीज तारांवरून परळपर्यंत आणायची, ही जमशेटजी टाटांच्या हयातीतली कल्पना. ती प्रत्यक्षात आली त्यांच्या मागे, १९१५ साली. गिऱ्हाईक ठरलेलेच होते : कापडगिरण्या. त्यांना कोळसा बंगालसारख्या लांबच्या मुलखातून आणावा लागे. वीज आली तशी सूतखात्यातली आणि मागखात्यातली वाफेची इंजिने हळूहळू बंद झाली. चिमण्या मात्र पडल्या नाहीत. सायझिंगला, रंगाईला, धुलाईला वाफ लागतेच, म्हणून बॉयलर राहिले. आजीच्या धोतरावर पडत होती ती या उरलेल्या धुराची काजळी.

पण धूर ज्या पाण्याने कमी झाला, ते कोणाचे? लोणावळ्यानंतर टाटांच्या कंपनीने मुळशी खोरे निवडले. तिथल्या मावळ्यांची भाताची खाचरे आणि सुमारे पन्नास गावे धरणाखाली जाणार होती. एप्रिल १९२१मध्ये सत्याग्रह सुरू झाला. विनायकराव भुस्कुटे आणि पांडुरंग महादेव बापट त्याचे पुढारी. बापटांना ‘सेनापती’ हे नाव याच लढ्याने दिले आणि तुरुंगवासही. १९२४पर्यंत लढा संपला, धरण झाले, १९२७मध्ये भिऱ्याचे वीजकेंद्र सुरू झाले. आज ज्याला आपण ‘स्वच्छ ऊर्जा’ म्हणतो, तिच्यासाठी गावे उठवण्याची ही आपल्याकडची पहिल्या काही कथांपैकी एक. मुंबईच्या इतिहासात ती क्वचित येते. पुणे जिल्ह्याचा इतिहास म्हणून बाजूला ठेवली जाते. हा कप्पा मला पटत नाही.

रेल्वेची गोष्ट याहून मजेदार आहे. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला अशी देशातली पहिली विजेची गाडी धावली. प्रवाशांच्या डोळ्यांत जाणारे कोळशाचे कण थांबले. पण पुढे रेल्वेने आपले स्वतःचे वीजकेंद्र उभारले ते कल्याणजवळ ठाकुर्लीला, चोळा पॉवर हाऊस, आणि ते चाले कोळशावर. म्हणजे इंजिनाची चिमणी गाडीवरून उतरवून ठाकुर्लीत नेऊन ठेवली. दादरला उभ्या असलेल्या माणसाला धूर दिसेनासा झाला, एवढेच.

हीच रीत पुढे चालू राहिली. १९५६मध्ये ट्रॉम्बेचे औष्णिक केंद्र सुरू झाले. तेव्हा तो शहराचा कोपरा होता. उपनगरे वाढली, आणि १९९५च्या सुमारास त्यांच्यासाठी ५०० मेगावॅटचे केंद्र झाले ते थेट डहाणूला, चिकूच्या वाड्यांच्या शेजारी. तिथल्या बागायतदारांनी आणि पर्यावरण कार्यकर्त्यांनी सर्वोच्च न्यायालयापर्यंत धाव घेतली. प्रकल्प थांबला नाही. चिमणी मात्र पावणेतीनशे मीटर उंच बांधली गेली आणि पुढे, न्यायालयाच्या आदेशाने नेमलेल्या प्राधिकरणाच्या रेट्यामुळे, धुरातला गंधक काढणारी यंत्रणाही बसली. गंधक निघाला. कार्बन डायऑक्साइड काढणारे त्यात काही नव्हते.

आता २०१९च्या त्या आकड्याकडे परत येतो. तो कसा काढला हे समजून घेतले तेव्हा माझ्या भाबड्या प्रश्नाचे उत्तर मिळाले. शहराने हरितगृह वायूंचा हिशेब ठेवावा ही कल्पना १९९०च्या आसपासची. टोरंटो शहराने त्याच वर्षी २० टक्के कपातीचे उद्दिष्ट ठरवले होते. पण प्रत्येक शहराची वही वेगळी, बेरजेची रीत वेगळी. २०१४मध्ये शहरांसाठी एक सामाईक जागतिक पद्धत ठरली. मुंबईची वही तिच्याच रेघांवर आखलेली आहे.

या पद्धतीत चिमणीवर कोणी यंत्र लावत नाही. किती इंधन विकले, किती युनिट वापरले, किती कचरा पडला ही माहिती गोळा करायची आणि प्रत्येकाला ठरलेल्या गुणकाने गुणायचे. विजेचा गुणक केंद्रीय विद्युत प्राधिकरण काढते : देशाच्या ग्रिडमधल्या एका युनिटमागे साधारण पाऊण किलो कार्बन डायऑक्साइड. पेट्रोलचा हिशेब पंपावरच्या विक्रीवरून केला, तर ठाण्यात टाकी भरून दिवसभर अंधेरीत फिरणारी टॅक्सी निसटते. बारकावे असे पुष्कळ आहेत. मला महत्त्वाचा वाटला तो एकच. शहराने वापरलेली वीज कुठेही तयार झालेली असो, तिचा धूर शहराच्या खात्यावर. उलट ट्रॉम्बेसारख्या केंद्राचा धूर हद्दीत निघत असला, तरी ग्रिडला दिलेल्या विजेपुरता तो बेरजेत धरत नाहीत, नाहीतर तोच धूर दोनदा मोजला जाईल. शंभर वर्षे घाटापलीकडे, ठाकुर्लीला, डहाणूला नेऊन ठेवलेली चिमणी या वहीने पहिल्यांदा मुंबईच्या नावावर चढवली. ७२ टक्के आले ते तिथून.

कचऱ्याचे ८ टक्के मात्र शहराच्या पोटातलेच. देवनारची कचराभूमी १९२७पासूनची. ओला कचरा दबून कुजतो, त्यातून मिथेन निघतो; शंभर वर्षांच्या हिशेबात तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे अठ्ठावीसपट जड. जानेवारी २०१६मध्ये देवनारला आग लागली, तेव्हा तिचा धूर उपग्रहांच्या छायाचित्रांतही दिसला. पण आग नसलेल्या दिवशीही मिथेन निघतच असतो, आणि वहीत तो येतो सूत्राने : कोणत्या वर्षी किती टाकला, तो किती वेगाने कुजतो. आज कचरा टाकणे थांबवले, तरी जुन्या वर्षांचे देणे पुढची कित्येक वर्षे निघत राहते. गोराईची कचराभूमी बंद करून तिच्यावर आच्छादन घातले, आतला वायू गोळा करून जाळण्याची सोय केली, ते म्हणूनच.

कपातीचे वायदे आराखड्यात आहेत : २०३०पर्यंत ३० टक्के, २०४०पर्यंत ४४, आणि २०५०ला निव्वळ शून्य. जून २०२४मध्ये महापालिकेने पहिला वातावरण अर्थसंकल्प अहवाल काढला. कल्पना ऑस्लोची. तिथे पैशांबरोबर टनांचीही मर्यादा ठरवतात. मुंबईच्या अहवालात भांडवली खर्चाचा जवळजवळ एक तृतीयांश वातावरणाशी संबंधित ठरला आहे. हे चांगलेच, पण रुपये म्हणजे टन नव्हेत, आणि कोणत्या रुपयाने किती टन कमी झाले हे विचारण्याची सवय अजून आपल्याला लागायची आहे.

शिवाय मोठी किल्ली पालिकेच्या हाती नाही. कोणती वीज घ्यायची हे वीज कंपन्या आणि नियामक आयोग ठरवतात, आणि बाहेरची वीज शहरात यायला तारा लागतात. १२ ऑक्टोबर २०२० रोजी मुंबई अंधारात गेली, तेव्हा ही अडचण सर्वांना कळली. खारघर-विक्रोळी ही ४०० केव्हीची वाहिनी सुरू झाली ती २०२३मध्ये. तोवर शहराजवळचा कोळसा सोडा असे म्हणणे सोपे, करणे कठीण होते. आता उपनगरांत जैसलमेरच्या सौर आणि पवन प्रकल्पांची वीज येते. मुळशीनंतर जैसलमेर. तिथल्या गायरानांचे काय झाले, हा प्रश्न मुंबईच्या वहीत मांडायला अजून रकाना नाही.

दुसऱ्या एका गोष्टीलाही नाही. आमची चाळ पुनर्विकासात गेली. तिच्या जागी उभ्या राहिलेल्या टॉवरचे सिमेंट ज्या भट्टीत भाजले, ती चंद्रपूरसारख्या कुठल्या तरी जिल्ह्यात असणार. तिचा धूर त्या जिल्ह्याचा. मुंबईच्या आकड्यात फक्त टॉवरच्या लिफ्टची आणि एसीची वीज येते.

या महिन्याचे बिल माझ्यासमोर आहे : १८० युनिट. पाऊण किलोने गुणले तर १३५ किलो. आजीच्या काळात या घरात दोन दिवे आणि एक रेडिओ होता. मी गॅलरीत कपडे वाळत घालतो, वाऱ्याकडे न बघता. समोरच्या गिरणीच्या आवारात चिमणी अजून उभी आहे, वारसा म्हणून राखलेली, आणि तिच्या तोंडावर पिंपळ उगवला आहे.