खालच्या कवळीचा आधार : वॉशिंग्टन यांच्या एका दातापासून टायटेनियमच्या दोन स्क्रूंपर्यंत

१/ १७८९ साली जॉर्ज वॉशिंग्टन यांनी अमेरिकेचे पहिले राष्ट्राध्यक्ष म्हणून शपथ घेतली, तेव्हा त्यांचा स्वतःचा एकच दात शिल्लक होता. दंतवैद्य जॉन ग्रीनवूड यांनी पाणघोड्याच्या सुळ्यापासून घडवलेल्या खालच्या कवळीत त्या दातासाठी मुद्दाम छिद्र ठेवले होते. १७९६ साली तोही दात काढावा लागला आणि कवळीचा नैसर्गिक आधार संपला.

२/ प्रश्न खालच्याच कवळीचा का? वरची कवळी टाळूवर पसरते आणि लाळेच्या पातळ थरामुळे चिकटून राहते. खाली टाळू नाही. जागा अरुंद आणि शेजारी सतत हलणारी जीभ. शिवाय दात गेले की जबड्याचे हाड झिजत जाते आणि ही झीज खाली अधिक होते. वय वाढते तशी कवळी सैल होत जाते.

३/ एकोणिसाव्या शतकात व्हल्कनाइट रबराने कवळ्या स्वस्त केल्या, विसाव्या शतकात अॅक्रिलिक आले. साहित्य बदलले, खालची कवळी मात्र हलतच राहिली.

४/ उत्तर आले ते दंतवैद्यकाबाहेरून. १९५२ च्या सुमारास स्वीडनमध्ये पेर-इंग्वार ब्रोनेमार्क हाडातील रक्ताभिसरणाचा अभ्यास करत होते. सशाच्या पायात बसवलेले टायटेनियमचे उपकरण प्रयोगानंतर निघेना. हाड धातूशी एकजीव झाले होते. या प्रक्रियेला त्यांनी पुढे ‘ऑसिओइंटिग्रेशन’ असे नाव दिले.

५/ १९६५ साली गोथेनबर्ग येथे यॉस्टा लार्सन यांच्या खालच्या जबड्यात टायटेनियमचे चार स्क्रू बसवले गेले. जन्मजात व्यंगामुळे त्यांना चावणे आणि बोलणे कठीण जात असे. हे स्क्रू त्यांच्या मृत्यूपर्यंत, म्हणजे चार दशके टिकले.

६/ तरीही दंतवैद्यकाचा विश्वास बसण्यास बराच काळ लागला. हाड परका धातू स्वीकारणार नाही, ही समजूत दृढ होती. १९८२ च्या टोरांटो परिषदेत अनेक वर्षांची निरीक्षणे मांडली गेली, तेव्हा कोठे जगाचे मत पालटले.

७/ २००२ साली माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात जमलेल्या तज्ज्ञांनी म्हटले : खालचे सर्व दात गेलेल्या रुग्णासाठी साधी कवळी हा पहिला पर्याय मानू नये. हनुवटीच्या भागातील हाडात दोन इम्प्लांट बसवावेत आणि कवळी त्यांवर टिचबटणासारखी अडकावी.

८/ खर्चामुळे ही सोय आजही अनेक वृद्धांच्या आवाक्याबाहेर आहे. विज्ञानाचा प्रश्न सुटला. तो सर्वांपर्यंत पोहोचवण्याचा इतिहास अजून घडायचा आहे.