डागांची साक्ष

प्लास्टिकच्या सुट्या भागांतून विमानाची प्रतिकृती जोडण्याच्या छंदाचा आरंभ इंग्लंडमध्ये १९३६ साली बाजारात आलेल्या, १:७२ प्रमाणातील 'फ्रॉग पेंग्विन' संचांपासून मानला जातो. या छंदाचा पुष्कळ काळपर्यंतचा आदर्श नवेपणाचा होता : कारखान्यातून नुकतेच बाहेर पडलेले, निष्कलंक विमान. १९७० च्या दशकात अमेरिकेतील शेपर्ड पेन यांच्यासारख्या कारागिरांनी मात्र विमान मळते, झिजते, कोसळते, हेही प्रतिकृतीत दाखवले. छंदिष्टांच्या भाषेत हे 'वेदरिंग'. आम्ही त्याला जुनेपण चढवणे म्हणू.

१९८२ साली जपानमध्ये या कलेला नवे वळण मिळाले. 'हॉबी जपान' मासिकात को योकोयामा यांची 'एस.एफ.३डी.' ही मालिका सुरू झाली; पुढे ती 'माशीनेन क्रीगर' या नावाने ओळखली गेली. तिच्या कथेत एकोणतिसाव्या शतकातील महायुद्ध पृथ्वी निर्मनुष्य करते, अर्ध्या शतकानंतर तेथे पुन्हा वस्ती होते आणि पुन्हा युद्धही पेटते. त्यातली यंत्रे, 'फाल्के' हे विमानही त्यांतलेच, योकोयामांनी इतर संचांतल्या भागांची जोडाजोड करून घडवली. प्रलयानंतरचा माणूस जे करील, तेच येथे कारागिराने केले : मोडक्यातून चालते उभारले.

पण जे विमान कधी उडालेच नाही, त्यावर डाग कोठे पाडायचे? याचे उत्तर कल्पनेत नव्हे, पदार्थात सापडते. विमानाची कातडी बहुधा ॲल्युमिनियमची. तिच्यावर लोखंडासारखा तांबडा गंज चढत नाही, ती करडी-पांढुरकी होते. तांबडेपणा शोभतो तो पोलादी भागांना. रंगाचे टवके उडतात ते पंखाच्या मुळाशी, जेथे वैमानिकाचा पाय पडतो. काजळी धुराड्यामागे, वाऱ्याच्या दिशेने पसरते. म्हणूनच कारागीर धातूच्या रंगावर मिठाचे दाणे चिकटवतो, वर दुसरा रंग देतो आणि दाणे खरवडून नेमके तेवढेच टवके काढतो. प्रत्येक डागाला कारण हवे. अकारण डाग म्हणजे निव्वळ नक्षी, आणि विध्वंसाची नक्षी करण्याचा मोह या कलेत फार मोठा आहे.

येथे आम्हाला एक खरे विमान आठवते. ६ ऑगस्ट १९४५ रोजी हिरोशिमावर अणुबाँब टाकणारे 'एनोला गे' युद्धानंतर अनेक वर्षे उघड्यावर पडून होते. पावसाने आणि पक्ष्यांनी त्यावर आपापल्या खुणा उमटवल्या होत्या. १९८४ साली स्मिथसोनियन संस्थेने त्याची डागडुजी हाती घेतली. १९९५ साली त्याच्यासोबत हिरोशिमातील मृत्यूंविषयी किती सांगावे यावरून वादळ उठले, मूळ प्रदर्शन रद्द झाले आणि संग्रहालयाच्या संचालकांनी राजीनामा दिला. २००३ पासून ते विमान वॉशिंग्टनजवळच्या शँटिली येथे संपूर्ण जोडलेले, लखलखीत उभे आहे.

ही झळाळी खोटी नाही. त्या दिवशीही ते विमान असेच बिनरंगी धातूचे, चकाकते होते. संग्रहालयाने त्याला त्याच दिवसाचे रूप दिले. आमचा आक्षेप झळाळीला नाही. अडचण अशी की, ज्या यंत्राने एक शहर जाळले, त्याच्या अंगावर त्या जळण्याची एकही खूण मुळातच नव्हती. ते फार उंचावरून उडत होते. डाग सारे खाली पडले.

म्हणूनच प्रलयोत्तर विमानाच्या लहानशा प्रतिकृतीकडे आम्ही निव्वळ खेळणे म्हणून पाहू शकत नाही. योकोयामांचे विमान काल्पनिक आहे. पण खाली राहिलेले डाग ते परत यंत्राच्या अंगावर आणते. प्रलय घडवणारा त्यातून न मळता सुटत नाही, एवढे तरी ते सांगते. इतिहासाने हे नेहमीच सांगितले आहे, असे म्हणण्याचे धाडस आम्हाला होत नाही.