पेशीतल्या खुणेवर उजेड

गोठ्यात बैल किती, एवढे कळून शेतकऱ्याचे भागत नाही. कोणता औताला जुंपला आहे आणि कोणता दावणीला उभा आहे, हेही पाहावे लागते. आपल्या शरीरातील पेशींचेही तसेच आहे. पेशीत हजारो तऱ्हेची प्रथिने असतात. त्यांतले कोणते या घडीला कामाला लागले आहे, हे डोळ्यांनी पाहावे कसे? ही सोय व्हायला चाळीस वर्षे लागली. त्याची ही हकीकत.

प्रारंभ अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात झाला. आल्बर्ट कून्स या तरुण डॉक्टरांना रोगजंतूंचा अंश शरीरात नेमका कोठे दडतो, हे पाहायचे होते. शरीर रोगजंतूंविरुद्ध प्रतिपिंडे तयार करते, आणि प्रत्येक प्रतिपिंड आपल्या ठरलेल्या वैऱ्यालाच जाऊन चिकटते. मग प्रतिपिंडालाच चमकणारा रंग बांधला तर? १९४१ साली त्यांनी ते करून दाखवले. पहिला रंग निळा चमके; पण प्राण्याचे मांसही थोडे निळसर चमकते, म्हणून ओळख पटेना. तेव्हा फ्लुओरेसीन हा हिरवा चमकणारा रंग घेतला आणि १९४२ साली उंदराच्या शरीरात न्यूमोनियाच्या जंतूंचा अंश दिसला.

दुसरा धागा सिएटल शहरातला. तेथे १९५५ साली एडमंड फिशर आणि एडविन क्रेब्ज यांना आढळले की, स्नायूतील साखरेचा साठा मोकळा करणारे प्रथिन फॉस्फेटचा कण चिकटला की कामाला लागते आणि कण निघाला की थंडावते. ज्या स्फुरदाचे खत आपण पिकाला घालतो, त्याचाच हा कण बरे! काही प्रथिनांना मात्र हीच खूण थांबवते. या शोधाला १९९२ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

तिसरा धागा कोंबडीचा. पेटन राऊस यांनी १९११ साली दाखवले होते की, कोंबड्यांची एक गाठ विषाणूमुळे होते. त्या विषाणूचा अभ्यास चालू असता १९८० च्या सुमारास टोनी हंटर व त्यांच्या सहकाऱ्यांना कळले की, तो प्रथिनाच्या माळेतील टायरोसीन नावाच्या मण्यावर फॉस्फेट बसवतो. निरोगी पेशीत ही खूण फार विरळा. गाठीच्या पेशीत ती वाढते.

१९८१ साली डेव्हिड बाल्टिमोर व सहकाऱ्यांनी नेमकी हीच खूण ओळखणारे प्रतिपिंड वापरले, आणि तिन्ही धागे एकत्र आले. पुढे एकेका प्रथिनासाठी वेगळे प्रतिपिंड होऊ लागले. प्रथिनाचा फॉस्फेट लावलेला छोटा तुकडा सशाला टोचतात, त्याच्या रक्तातून प्रतिपिंड घेतात, फॉस्फेटविना चिकटणारे गाळून टाकतात आणि उरलेल्याला रंग बांधतात.

पण नुसत्या चमकेवर भुलून चालत नाही. फॉस्फेट काढून टाकणारा पाचक रस नमुन्यावर घालून पाहतात. चमक गेली, तर खूण खरी. राहिली, तर प्रतिपिंड भलतीकडे चिकटले!

याचा उपयोग काय, असे कोणी विचारील. रक्ताच्या एका कर्करोगात टायरोसीनवर खूण करणारे एक प्रथिन कधी थांबतच नाही. त्याला अडवणाऱ्या इमॅटिनिब या औषधाला २००१ साली अमेरिकेत मान्यता मिळाली. असे औषध पेशीत पोचून काम करते की नाही, हे खुणेच्या चमकेवरून ताडता येते. चमक मंदावली, की समजावे, बैल औतावरून सुटला.